माळकऱ्याने लस टोचून घ्यावी काय?

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने अंड्यात वाढविलेली लस अंगात टोचून घ्यावी की नाही, असा प्रश्न वारकरी मंडळींत वारंवार निघतो. नव्या मुंबईतील घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, बेलापूर या जुन्या गावांत तो विशेष जोराने निघतो, आणि त्याला कारण आहे. ही गावे मूळची आगरी-कोळ्यांची. खाडीची मासळी, मिठागर आणि भातशेती यांवर पिढ्यान् पिढ्या जगलेली. तेथे ज्याने माळ घातली त्याने नुसता एक पदार्थ सोडला असे नाही; घरच्या चुलीवरचा रोजचा वास सोडला, लग्नाच्या पंगतीतले ताट सोडले, भावकीची थट्टा सोसली. अशा माणसाला “अहो, औषधच ते, त्यात काय एवढं?” असे म्हणून वाटेला लावणे बरे नव्हे. त्याच्या प्रश्नाला पुरते उत्तर दिले पाहिजे.

उत्तर देण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट पाहू. अर्धवट माहितीवर धर्मनिर्णय करू नये.

रोगाचे जंतु दोन तऱ्हेचे असतात. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला यांचे जंतु स्वतःच्या बळावर वाढतात. त्यांना योग्य खाद्यरस दिला की पुरे. त्यांच्या लशीला जिवंत पेशी लागत नाहीत, मात्र त्या खाद्यरसात प्राणिज पदार्थ असू शकतो. विषाणूंची गोष्ट निराळी. फ्लू, गोवर, पोलिओ, पिसाळ या रोगांचे विषाणु दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढतच नाहीत. तेव्हा विषाणूची लस करणाऱ्याला प्रथम कोणाची तरी जिवंत पेशी हवी. सगळा पेच येथे आहे.

१९३१ साली अमेरिकेत गुडपाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यात विषाणु वाढवून दाखविला. तेव्हापासून अंडे हे लशीचे भांडे झाले. पीतज्वराची लस अशीच झाली आणि फ्लूची लसही बहुतांशी आजवर अशीच होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० साली स्वाइन फ्लूवर नाकात फवारायची लस काढली, तीही अंड्यातच वाढविलेली होती. नऊ ते अकरा दिवस उबविलेले अंडे घेतात, कवचाला बारीक छिद्र पाडून आत विषाणु सोडतात, पुन्हा दोन-तीन दिवस उबेत ठेवतात, मग थंड करून आतले पाणी काढून घेतात. ते पाणी शुद्ध करून त्याची लस होते. ढोबळ मानाने माणशी एक-दोन अंडी लागतात असे धरा. म्हणजे कोट्यवधी माणसांना कोट्यवधी अंडी.

येथे एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. बाजारात मिळणारे अंडे बहुधा पोकळ, म्हणजे ज्यातून पिलू निघायचे नाही असे असते. लशीचे अंडे तसे नाही. ते फळलेले असते. एकवीस दिवसांनी जे पिलू बाहेर यायचे, त्याचे काळीज दहाव्या दिवशी आत धडधडत असते. ते पिलू मरते. ज्याला हे ऐकून काहीच वाटत नाही, त्याने भूतदयेवर कीर्तन करू नये.

आता नवी रीत पाहू. गर्भाच्या अगदी आरंभी ज्या पेशी असतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. अजून त्यांचा डोळा व्हायचा असतो, पंख व्हायचा असतो, काळीजही व्हायचे असते. कोणतेही अंग होण्याची शक्ती त्यांच्यात असते आणि योग्य पोषण मिळाले तर त्या वाढतच राहतात. फ्रान्स देशातील नांत शहरी विव्हालिस नावाच्या कंपनीने बदकाच्या अंड्यातील अशा मूलपेशींपासून पेशींची एक अखंड रांग तयार केली. तिला ‘ईबी-६६’ असे नाव आहे. या पेशी मोठ्या टाकीतल्या द्रवात तरंगत वाढतात. त्यांना वासराच्या रक्ताचा रसही लागत नाही. थोड्या पेशी उणे १९६ अंशांच्या थंडीत साठवून ठेवायच्या, लागतील तेव्हा काढून वाढवायच्या, त्यांत विषाणु सोडायचा आणि लस काढायची. पुन्हा अंडे नको, पुन्हा पिलू नको. २०१४ साली जपानने अशा बदक-पेशींत वाढविलेली बर्डफ्लूची लस माणसांसाठी मान्य केली.

मूलपेशी म्हणजे परक्या देशातली चमत्कारिक वस्तु असेही समजू नका. ज्या रिलायन्स लाइफ सायन्सेस कंपनीचे केंद्र ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळ्याला आहे, तिच्या सात मानवी मूलपेशींच्या रांगा २००१ साली अमेरिकन सरकारच्या संशोधनाच्या यादीत होत्या. जेथे आपल्या वाडवडिलांनी भात कापला, तेथे आता पेशी वाढवितात. प्रश्न आपल्या दारात आला आहे.

ही नवी रीत निघाली तिला दयेपेक्षा व्यवहाराचे कारण अधिक होते. पक्ष्यांवर रोग आला म्हणजे कोंबड्याच मरतात. मग अंडी आणायची कोठून? २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्डफ्लू निघाला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२५ च्या जानेवारीत नव्या मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यात, जंगल सत्याग्रहाच्या चिरनेर गावी तोच रोग आला. रोग पक्ष्यांचा, त्यावरची लस पक्ष्यांच्या अंड्यांतून, आणि पक्षीच मेलेले, असा तो फेरा. तरीपण चांगले कार्य कोणत्या हेतूने सुरू झाले एवढ्यावर त्याचे फळ टाकून देण्याचे कारण नाही.

आता शंका-समाधान.

पहिली शंका : “हजार पिलांच्या जागी एकच गर्भ गेला म्हणून पाप टळले काय? एकाचा जीव तो जीव नव्हे काय?” शंका रास्त आहे. एकाचा जीव हा जीवच. पण येथे महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाचे आख्यान आठवावे. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली वेद म्हणत बसला होता. वरून एका बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिले आणि बगळी मरून पडली. पुढे भिक्षेला गेला असता एका गृहिणीने त्याला थांबविले, तेव्हा तिच्यावरही तो रागावला. ती म्हणाली, महाराज, मी काही ती बगळी नव्हे. तिने त्याला धर्म शिकायला मिथिलेस पाठविले, आणि तेथे त्याला गुरु कोण मिळाला? मांस विकणारा व्याध!

हा व्याध स्वतः मारीत नसे आणि स्वतः खातही नसे. तरीसुद्धा “मी मारले नाही, मला दोष नाही” असे तो म्हणाला नाही. आपला धंदा घोर आहे हे त्याने आधी कबूल केले. मग त्याने कौशिकाला दाखविले की, नांगर धरणारा जमिनीतले असंख्य जीव मारतो, चालणारा पायाखाली मारतो, धान्यातही जीव आहे. संपूर्ण अहिंसक असा या जगात कोणी नाही. पण त्याच्या बोलण्याचे सार त्याच्याही पुढे आहे. अहिंसेचा ध्यास घेतलेल्या यतींच्या हातूनही हिंसा घडतेच, मात्र त्यांच्या प्रयत्नाने ती कमी होते, असे तो म्हणाला. “सगळेच मारतात, मग मीही मारीन” हा अर्थ त्यातून काढणारा ढोंगी होय. “थोडी हिंसा उरतेच, म्हणून कमी करण्यात अर्थ नाही” असे म्हणणारा आळशी होय. धर्म या दोघांच्या मध्ये आहे, आणि तेथे प्रयत्नाला किंमत आहे.

प्रयत्नाने खरोखर कमी होते काय? पाहा. पूर्वी पिसाळलेले कुत्रे चावले की पोटात चौदा सुया टोचीत, हे म्हाताऱ्या मंडळींना आठवत असेल. ती लस मेंढ्यांच्या मेंदूतून काढीत. दर खेपेला मेंढ्या जात. २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशात ती बंद झाली. आता पेशींत वाढविलेली लस दंडावर चार-पाच वेळा देतात. पोलिओच्या लशीसाठी लाल तोंडाची माकडे आपल्या देशातून हजारोंनी परदेशी पाठवीत असत. मारुतिरायाचे कूळ म्हणून ज्यांना आपण शनिवारी फुटाणे घालतो, ती माकडे! १९७८ साली ती निर्यात बंद झाली. इकडे १९६२ साली जपानात एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या ‘व्हेरो’ पेशी आजही वाढत आहेत आणि त्यांच्यावर कितीतरी लसी होतात. जिथे हजारो जात होती तिथे एकाच्या पेशी पुरल्या. आता त्या हजारांच्या बाजूने विचार करा. एक आणि हजार सारखेच, असे त्या वाचलेल्या माकडांना सांगता येईल काय?

दुसरी शंका : “टाकीतल्या पेशीही जिवंतच, त्या मारणे ही हिंसाच.” पेशी जिवंत असते हे खरे. पण आपण दया कोणावर करतो? ज्याला भूक लागते, भय वाटते, जो मारणाराला पाहून पळतो, ज्याला आई असते, त्याच्यावर. बदकाला हे सगळे आहे. अंड्यातल्या दहा दिवसांच्या पिलाला ते येऊ घातले आहे. टाकीतल्या पेशीला भूक-भय सांगणारा मेंदूच नाही. आपण विरजण लावतो, इडलीचे पीठ आंबवितो, त्यातही अगणित सूक्ष्म जीव वाढतात आणि मरतात. एकादशीला दही खाताना कोणी सुतक पाळीत नाही. तेव्हा पेशीवर पक्ष्याइतकी दया दाखवायला निघणे म्हणजे दयेचेच मोल कमी करणे होय.

तिसरी शंका सर्वांत कठीण : “मी लस घेतलीच नाही तर? माझा भार विठ्ठलावर. मेलो तर मेलो, पण माळेला डाग नको.” ही निष्ठा हसण्यासारखी नाही. आपल्या जिवावर उदार होणाऱ्यापुढे कोणीही मान लववावी. परंतु एक विचार करा. एकादशीला मी उपाशी राहतो, तेव्हा भूक मला लागते. शेजाऱ्याचे मूल उपाशी राहत नाही. व्रताची किंमत व्रत करणाऱ्याने द्यावी, हा व्रताचा पहिला नियम. साथीच्या रोगात हा नियम मोडतो. दिंडीत शेकडो माणसे एका तंबूत निजतात, एका टँकरचे पाणी पितात, खांद्याला खांदा लावून चालतात, एकमेकांच्या पाया पडतात. तेथे एकटा आजारी असा कोणी पडतच नाही. मी न घेतलेल्या लशीची किंमत माझ्यापुढे टाळ वाजविणाऱ्या म्हाताऱ्याला पडते, वाटेवर आपल्याला भाकरी घालणाऱ्या माउलीच्या तान्ह्या लेकराला पडते. कोंबडीचे पिलू वाचवायला निघालेला मी, नकळत माणसाचे पिलू पणाला लावतो. मग ही अहिंसा कोणती?

पंढरीच्या वाटेवर पटकीने किती माणसे आडवी झाली, ते जुन्या घरांतून अजून सांगतात. आणि २०२० व २०२१ ची आषाढी तर आपण डोळ्यांनी पाहिली. पादुका एस.टी.ने पंढरपुराला गेल्या, वाट मोकळी पडली, चंद्रभागेचे वाळवंट सुने राहिले. २०२२ साली पुन्हा पायी वारी निघाली. मधल्या काळात लोकांनी जे दंड पुढे केले, त्यांचाही त्यात वाटा आहे.

त्याच वेळी २०२१ च्या जूनमध्ये कोव्हॅक्सिन लशीत वासराचे रक्तजल आहे अशी बातमी उठली आणि पुष्कळ माळकऱ्यांची झोप उडाली. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की, ते रक्तजल व्हेरो पेशी वाढविण्यापुरते वापरतात, मग पेशी धुतात, तयार लशीत ते राहत नाही. खुलासा खरा होता. पण अंतिम लशीत काही उरले नाही, एवढ्याने सर्व प्रश्न मिटला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपला प्रश्न विटाळाचा नाही, जिवाचा आहे. बाटलीत काय उरले यापेक्षा वाटेत काय गेले, हे वारकऱ्याने विचारायचे असते. म्हणून तर बदक-पेशींची, रक्तजलावाचून वाढणारी रीत आपल्याला अधिक जवळची वाटली पाहिजे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा हाफकिन साहेबाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जंतु वाढवायचा रस गोमांसाचा केला तर हिंदूंना चालणार नाही आणि डुकराचा मुसलमानांना चालणार नाही, म्हणून त्याने बोकडाच्या मांसाचा केला. परक्या देशच्या, परक्या धर्माच्या माणसाने येथल्या लोकांच्या मनाची एवढी पत्रास ठेवली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्याचे नाव चालवीत आहे. परंतु त्यातही शाकाहाऱ्याचा प्रश्न उरलाच होता, आणि तो सोडवायला पुढल्यांना शंभरांवर वर्षे लागली.

येथे कोणी नाथबाबांचे चरित्र पुढे करील. काशीची गंगा रामेश्वराला घालायची म्हणून कावड खांद्यावर घेऊन निघालेल्या नाथांनी वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहिले आणि ती गंगा त्याच्या मुखात ओतली. संकल्पाहून जीव मोठा, हे त्यांनी दाखविले. पण या गोष्टीचा सोयीपुरता अर्थ घेऊ नये. नाथांनी आपली कावड रिकामी केली, दुसऱ्याची नाही. लस घेताना आपण आपले काही देत नाही, पक्ष्याचे घेतो. म्हणून नाथांची गोष्ट ऐकून निर्धास्त होण्याचे कारण नाही. उलट आपल्या डोक्यावर ऋण आहे, हे त्यावरून ओळखावे.

तेव्हा आमचे मत असे. माळकऱ्याने लस घ्यावी. त्याने माळ तुटत नाही. माळ घालताना आपण जिभेला आवर घातला. चवीसाठी कोणाचा जीव घेणार नाही असे म्हटले. लस चवीसाठी नाही, आणि ती केवळ स्वतःसाठीही नाही. मात्र “औषधाला अंडे चालते, मग ताटात का नको?” असे विचारणाऱ्याला ठणकावून सांगावे, की ताटाला दुसरे अन्न आहे, भाकरी आहे, डाळ आहे. जेथे दुसरा मार्ग आहे तेथे गरजेचे नाव घेता येत नाही.

आणि हाच नियम लशीलाही लावावा. ज्या रोगावर अंड्याची आणि पेशींची अशा दोन्ही लसी मिळत असतील, तेथे डॉक्टरांना विचारावे, प्रकृतीला चालत असेल तर कमी हिंसेची घ्यावी. दुसरी मिळत नसेल तर हाती असलेली घ्यावी. वाट पाहत बसून साथ घरात आणू नये. फडकऱ्यांनी, संस्थानांनी, वारकरी मंडळांनी सरकारला आणि लस करणाऱ्या कारखान्यांना लिहावे, की आम्ही लाखो माणसे लस घेतो, पण पक्ष्यांचे जीव वाचविणारी रीत लवकर आणा. नुसती नाके मुरडण्यापेक्षा ही मागणी अधिक धर्माची आहे. जगातली बहुतेक फ्लूची लस अजून अंड्यातच वाढते. ती बदलायला मागणारे लोक हवेत, आणि मागण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला आहे?

ऋणाचे काय? ते फेडावे. ठाण्याच्या खाडीत आणि नेरूळच्या पाणथळींत दरसाल रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांची जागा बुजविली जात असेल तेथे वारकऱ्याने आवाज उठवावा. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवावे. तुकोबारायांना शेत राखायला बसविले तेव्हा त्यांनी पाखरांना हाकलले नाही, असे चरित्रकार सांगतात. आपण त्यांचे नाव घेणारे. दोन मुठी दाणे आपल्यालाही जड होऊ नयेत.

शेवटी एकच. ज्याने लस घेतली त्याने न घेणाऱ्या भोळ्या माळकऱ्याला अडाणी म्हणू नये. त्याच्याजवळ बसून समजवावे. ज्याच्या मनाला अजून पटत नाही, त्याने घेणाऱ्याला बाटलेला म्हणू नये. आणि घरात मासळी खाणारा भाऊ असेल, तर त्याच्या ताटाकडे पाहून नाक वर करू नये. कौशिकाचे तप बगळीला मारून गेले ते अभिमानामुळे. माळेचाही अभिमान होतो, आणि तो तितकाच जाळतो. सुई टोचून घेताना डोळे मिटावे, त्या अनाम पाखराला मनोमन नमस्कार करावा, आणि त्याने दिलेले आयुष्य नामात आणि दुसऱ्याच्या उपयोगात घालवावे.

राम कृष्ण हरि!